व्यायामाचेही व्यसन लागते!

व्यायाम करा, चाला, घाम गाळा, असे सांगणारे लेख आपण नेहमी वाचता. या सदरातूनही ते अनेकदा सांगून झाले आहे आणि पुढेही सांगावे लागणार आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, गुडघेदुखी, निद्रानाश या सगळ्यांवर नियमित व्यायामाइतके स्वस्त औषध दुसरे नाही. तेव्हा आजचा लेख वाचून कोणी चालणे बंद करू नये. ज्यांनी अजून सुरुवातच केलेली नाही, त्यांनी तर हा लेख सबब म्हणून मुळीच वापरू नये!

आज आपण विचार करणार आहोत तो दुसऱ्या टोकाला गेलेल्या मंडळींचा. ही माणसे संख्येने थोडी आहेत, पण आता ती आपल्या तालुक्यातही दिसू लागली आहेत. ती आळशी नाहीत, दारू पीत नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत. चारचौघांत त्यांचे कौतुकच होते. आणि त्यांचा आजार लवकर ओळखू येत नाही तो नेमका याच कौतुकामुळे.

रविवारची पहाट

तिकोणा पेठेत रविवारी पहाटे पाच-साडेपाचला येऊन पाहा. अंधारातच गाड्या येऊन थांबतात. कपाळाला दिवा बांधलेली माणसे गडाच्या वाटेला लागतात. उजाडता उजाडता पवना धरणाच्या कडेने सायकलस्वारांच्या रांगा जाऊ लागतात. पूर्वी तिकोण्यावर येत ते गडप्रेमी आणि गिर्यारोहक. गडावर जायचे, महादेवाचे दर्शन घ्यायचे, समोर तुंग, लोहगड, विसापूर पाहायचे, डबा खायचा आणि उतरायचे. आता काही जण गड चढतात, लगेच उतरतात, पुन्हा चढतात, पुन्हा उतरतात. मनगटावरच्या घड्याळात किती चढण झाली ते पाहतात आणि तसेच पळत पुढच्या गावाकडे जातात.

यात वाईट काही नाही. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या धावण्याची आवड हळूहळू रुजली. १९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरू लागली. २०१७ मध्ये लोणावळ्यात ३५ आणि ५० किलोमीटरची अल्ट्रा मॅरेथॉन आली. पूर्ण मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, त्याहून लांब पळायचे ते अल्ट्रा. सायकलवाल्यांसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या फेऱ्या असतात. २०१७ सालीच नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पुरी केली. हे सारे अभिमानाचेच आहे.

आता ही आवड केवळ पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची राहिलेली नाही. कामशेत, वडगाव, तळेगाव, लोणावळा येथील शिक्षक, दुकानदार, कारखान्यातले कामगार, गृहिणीसुद्धा पळू लागल्या आहेत. बहुतेकांना त्याचा फायदाच होतो. वजन उतरते, साखर आटोक्यात येते, झोप चांगली लागते. प्रश्न आहे तो उरलेल्या थोड्यांचा. ते व्यायाम करत नाहीत. व्यायामच त्यांच्याकडून स्वतःला करवून घेतो.

पैसे देऊनही कोणी थांबेना

हा विषय वैद्यकशास्त्रात कसा आला, ती हकीगत मोठी बोलकी आहे. १९७० साली अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक बेकलँड यांना एक साधा प्रयोग करायचा होता. नियमित व्यायाम करणाऱ्याने महिनाभर व्यायाम थांबवला, तर त्याच्या झोपेवर काय परिणाम होतो, ते पाहायचे. त्यासाठी त्यांनी रोज व्यायाम करणारी माणसे शोधली. महिनाभर व्यायाम बंद ठेवायचा आणि वर पैसे घ्यायचे, असा हा सौदा होता. पण रोज व्यायाम करणारे कोणी तयारच होईनात. पैसे वाढवून पाहिले, तरी नाही. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्यांना समाधान मानावे लागले. त्या मंडळींचीही झोप महिनाभरात बिघडली आणि मन बेचैन झाले.

पुढे १९७६ मध्ये विल्यम ग्लासर या मानसोपचारतज्ज्ञांनी धावण्याला ‘चांगले व्यसन’ म्हटले. माणूस खंबीर होतो, मन शांत होते, मग असे व्यसन असायला हरकत काय, असा त्यांचा विचार होता. पण तीनच वर्षांनी, १९७९ मध्ये, विल्यम मॉर्गन यांनी नाण्याची दुसरी बाजू मांडली. पायाला दुखापत झालेली असताना, डॉक्टरांनी मना केलेले असताना, नोकरी आणि संसार बाजूला सारून पळत राहणारी माणसे त्यांनी पाहिली होती. व्यसनाची सगळी लक्षणे तेथे हजर होती; फरक इतकाच की बाटलीच्या जागी बूट होते.

जुगाराचे व्यसन मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आहे. व्यायामाच्या व्यसनाला तेथे अजून स्वतंत्र जागा मिळालेली नाही. तरी ते मोजण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. अशा प्रश्नावल्यांवर आधारलेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वसाधारण लोकांमध्ये शंभरात सुमारे ३ जणांना धोका दिसला, तर लांब पल्ल्याचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये शंभरात सुमारे १४ जणांना. प्रश्नावलीत धोका दिसला म्हणजे आजार पक्का झाला असे नाही, हे येथे लक्षात ठेवावे. परंतु पळणाऱ्या शंभर जणांतील पाऊणशेहून अधिक निर्धास्त असले, तरी दहा-पंधरा जणांनी स्वतःकडे जरा निरखून पाहायला हवे, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

एक उदाहरण

हे उदाहरण एका रुग्णाचे नाही. दवाखान्यात पाहिलेल्या दोन-तीन जणांच्या हकीगती एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने ते दिले आहे.

वय सेहेचाळीस. किराणा मालाचे दुकान. पाच वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला सुरुवात केली. सहा महिन्यांत नऊ किलो वजन उतरले. मग थोडे पळणे, मग दहा किलोमीटरची स्पर्धा, मग अर्धमॅरेथॉन. गळ्यात पदक घालून काढलेला फोटो दुकानात लागला. गावाने सत्कार केला. येथपर्यंत सगळे उत्तम.

तिसऱ्या वर्षी आठवड्याचा सुटीचा दिवस गेला. चौथ्या वर्षी सकाळी पळून झाल्यावर संध्याकाळीही पळणे सुरू झाले. रविवारी गडाच्या दोन फेऱ्या. कोठे लग्न असले, तर आदल्या रात्री दोनला उठून पळून यायचे आणि मग मांडवात बसल्या जागी पेंगायचे. एकदा भर पावसात दरड कोसळून रस्ता बंद होता, तेव्हा घराच्या गच्चीवर दोन तास गोल गोल पळाले. दुकान उशिरा उघडू लागले. मुलीच्या बारावीच्या वर्षात तिच्याशी धड बोलणे नाही. बायकोने काही म्हटले, की उत्तर ठरलेले : “मी दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. पळतोच ना?”

पुढे नडगीच्या एका ठरावीक जागी दुखू लागले. बोट ठेवले की कळ यायची. एक्स-रेत काही दिसले नाही. हाडाला केसासारखा बारीक तडा गेला असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो दिसला. सहा आठवडे पळणे पूर्ण बंद, असे सांगितले. गृहस्थांनी मान डोलावली. तिसऱ्याच दिवशी बायकोला गोठ्याच्या मागे लपवलेले बूट सापडले. नवरा पहाटे चारला, वेदनाशामक गोळी घेऊन, गुपचूप पळून येत होता.

लपवणे सुरू झाले, की समजावे. आवड कोणी लपवत नाही. लपवावे लागते ते व्यसन.

कसे ओळखावे?

पुष्कळांचा असा समज असतो की रोज इतक्या किलोमीटरच्या पुढे गेले म्हणजे व्यसन. तसे नाही. अंतरावरून व्यसन ठरत नाही. वर सांगितलेली ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी करणारा खेळाडू व्यसनी असेलच असे नाही आणि रोज सहाच किलोमीटर पळणारा व्यसनी नसेलच असेही नाही. खरी कसोटी एकच : थांबण्याची वेळ आली, तर तुम्हाला थांबता येते का?

खालील सहा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. शक्य असल्यास तेच प्रश्न घरच्यांनाही आपल्याबद्दल विचारा. दोन्ही उत्तरे जुळत नसतील, तर घरच्यांचे उत्तर खरे धरा.

१. दिवसभर डोक्यात मुख्य विचार व्यायामाचाच असतो का? काम, जेवण, पाहुणे, झोप हे सगळे त्याच्या वेळा सांभाळून बसवावे लागते का?

२. व्यायामावरून घरात किंवा कामाच्या ठिकाणी वारंवार खटके उडतात का?

३. राग, काळजी, दुःख, एकटेपणा यांवर व्यायाम हा एकच उपाय आपल्याला उरला आहे का?

४. पूर्वी जे समाधान पाच किलोमीटरमध्ये मिळत होते, त्यासाठी आता पंधरा लागतात का?

५. एक दिवस चुकला तर चिडचिड, बेचैनी, अपराधी भावना येते का? झोप उडते का?

६. कमी करायचे ठरवूनही चार-आठ दिवसांत गाडी पुन्हा मूळ पदावर येते का?

एखाद्या प्रश्नाला ‘होय’ म्हटले म्हणून घाबरायचे कारण नाही. एक दिवस चुकला तर चुटपुट सगळ्यांनाच लागते. पण चार किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ असेल आणि त्याबरोबर दुखापत असूनही व्यायाम चालूच असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलायला हवे.

पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पळणाऱ्या मुलांच्या पालकांनी येथे एक फरक लक्षात घ्यावा. १६०० मीटर ठरावीक वेळेत मारण्यासाठी सहा महिने झटून सराव करणे याला ध्येय म्हणतात. भरती झाली की ती मुले आपोआप कमी करतात. व्यसनी माणसाचे ध्येय संपत नाही. एक स्पर्धा झाली, की त्याच संध्याकाळी तो पुढच्या स्पर्धेची तारीख पाहतो. भरतीच्या मुलांना धोका असतो तो वेगळा : खुराक कमी, विश्रांती नाही आणि डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पळणे. नडगीची हाडे त्यांचीही दुखावतात.

हे होते कशामुळे?

जोराचा व्यायाम केला की मेंदूत काही रसायने पाझरतात. त्यांतील एंडॉर्फिन हे नाव बहुतेकांनी ऐकले असेल. शरीर स्वतःच तयार करते असे हे अफूच्या जातीचे द्रव्य आहे. अलीकडच्या संशोधनात गांजाच्या जातीची काही द्रव्येही शरीर तयार करते, असे आढळले आहे. लांब पळून आल्यावर जी प्रसन्न, तरंगल्यासारखी अवस्था येते, ती यांमुळे. वेदना बोथट होते, काळजी काही वेळ दूर जाते. परंतु रसायने हे पुरे उत्तर नव्हे. तीच रसायने सगळ्यांच्याच शरीरात तयार होतात आणि सगळे काही व्यसनी होत नाहीत.

मूळ बहुतेकदा मनात असते. कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणाचे घरात पटत नाही, कोणाची नोकरी गेली आहे, कोणी जवळचे माणूस गमावले आहे. पळताना विचार थांबतात. मग माणूस विचार थांबवण्यासाठी पळू लागतो. वर दिलेल्या उदाहरणातील गृहस्थ शेवटी बोलते झाले, तेव्हा म्हणाले, “डॉक्टर, बसलो की हिशेब डोळ्यांपुढे येतात.” दुकानाची उधारी थकली होती आणि ते घरी सांगितले नव्हते. पाय पळत होते ते या हिशेबापासून.

काही जणांत मूळ कारण वजनाची भीती हे असते. खाल्लेला प्रत्येक घास पळून जाळलाच पाहिजे, असे त्यांना वाटते. विशेषतः तरुण मुलींमध्ये हे आढळते. येथे व्यायामाच्या आड खाण्याचा आजार दडलेला असतो आणि तो अधिक गंभीर आहे. ज्यांनी पूर्वी दारू किंवा सिगारेट सोडली आहे, अशांपैकी काहींचे एक व्यसन सुटून दुसरे जडते. ते पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे, यात शंका नाही. पण मूळ दुखणे तसेच राहते.

आणि आता त्यात मनगटावरच्या घड्याळाची व मोबाइलची भर पडली आहे. सलग शंभर दिवस पळालात, दोनशे दिवस पळालात, अशी शाबासकी यंत्र देते. मित्र ते पाहतात, अंगठे दाखवतात. ही साखळी तुटू नये म्हणून तापात पळणारी माणसे आहेत. पूर्वी शर्यत वर्षातून दोनदा असे; आता ती रोज चालू असते.

शरीराचे काय होते?

व्यायामाने शरीर बळकट होते, हे अर्धेच सत्य आहे. व्यायामाने स्नायू आणि हाडे थोडी झिजतात, दुखावतात. आणि नंतरच्या विश्रांतीत ती पहिल्यापेक्षा मजबूत बांधली जातात. म्हणजे बळ येते ते विश्रांतीत. स्नायूंची डागडुजी एक ते तीन दिवसांत होते. हाडांना मात्र कित्येक आठवडे लागतात. विश्रांतीच दिली नाही, तर बांधकाम होत नाही, केवळ मोडतोड चालू राहते.

हाडे : नडगी, पावलाची हाडे यांना बारीक तडे जातात. गड उतरताना, विशेषतः तिकोण्यासारख्या उभ्या कातळपायऱ्यांवरून, मांडीचे स्नायू आणि गुडघे यांच्यावर चढताना पडतो त्याहून वेगळा आणि जास्त ताण येतो. जांघेत खोलवर दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर अजिबात अंगावर काढू नये. खुब्याजवळच्या हाडाला तडा असू शकतो. तो पुरा मोडला, तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही.

शरीरातील संप्रेरके : खर्च जास्त आणि खाणे कमी, असे फार दिवस चालले की शरीर काटकसर करू लागते. स्त्रियांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. पाळी थांबली म्हणजे त्रास वाचला, असे समजणाऱ्या काही मुली असतात. ती धोक्याची घंटा आहे. त्याच काळात हाडे ठिसूळ होत असतात. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. पुरुषांतही पुरुषी संप्रेरक घटते, थकवा आणि उदासी येते, कामेच्छा कमी होते. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती स्त्री-पुरुष दोघांनाही होते, हे स्पष्ट केले.

हृदय : नियमित व्यायामाने हृदयाचे भलेच होते. तथापि वर्षानुवर्षे अतिशय कष्टाचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक विकार थोडा अधिक आढळतो. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत वारंवार भाग घेणाऱ्यांच्या अभ्यासात, २०१३ मध्ये, हे दिसून आले. ताप असताना पळणे मात्र कोणालाही धोक्याचे. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि अशा वेळी जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. ताप पूर्ण उतरून अंगात पूर्ववत ताकद येईपर्यंत बूट कपाटात ठेवावेत.

मूत्रपिंडे : लांब पळण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची वाईट सवय पसरली आहे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात. शिवाय दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला गोळी घालून झोपवायचे आणि चोर आत आला म्हणून रडायचे, यात काय शहाणपण? अतिश्रमानंतर लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर स्नायू विरघळून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात उतरत आहे असे समजावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

थकवा साचत चालला आहे का, हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. सकाळी जाग आल्यावर, उठण्यापूर्वी, अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजावी व वहीत लिहावी. ती सलग काही दिवस नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त येत असेल, सोबत झोप उडाली असेल, वारंवार सर्दी-खोकला होत असेल, पूर्वीच्याच अंतराला जास्त वेळ लागत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे. व्यसनी माणूस नेमके उलटे करतो. वेग कमी झाला म्हणून तो आणखी पळतो.

उपाय

पहिली गोष्ट अशी, की यावर गोळी नाही आणि ‘पळणे कायमचे सोडा’ हाही उपाय नाही. दारू कायमची सोडता येते. व्यायाम सोडून कसे चालेल? येथे सोडायचे नसते, आटोक्यात आणायचे असते. त्या अर्थाने हे जरा अवघडच.

आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा ठरवून घ्यावा आणि तो कॅलेंडरवर लिहावा. त्या दिवशी ‘थोडेसेच’ पळणेही नाही. दर तीन आठवड्यांनंतर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे. आठवड्यातून एकदा तरी घड्याळ आणि मोबाइल घरी ठेवून पळावे. आठवडाभर विश्रांती घेतल्याने कमावलेली ताकद जात नाही, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगावे. कारण या भीतीपोटीच बहुतेक जण थांबत नाहीत.

दुखापत असेल, तर दुखणाऱ्या भागावर भार न येणारा दुसरा हलका व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा. पण दुसऱ्याच महिन्यात त्याचाही अतिरेक सुरू झाला, तर दुखणे पायात नव्हते हे उमगावे.

आरोग्यासाठी किती व्यायाम पुरतो? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम पुरेसा आहे. स्पर्धेसाठी याहून अधिक करावा लागतो, ते ठीक आहे. पण मग ते आरोग्यासाठी चालले आहे, असे म्हणू नये.

घरच्यांनी बूट लपवणे, टोमणे मारणे, ‘वेड लागलंय’ म्हणणे टाळावे. त्याने लपवाछपवी वाढते. ‘तुम्ही पळता याचा आम्हाला आनंद आहे, पण तुम्ही घरी असूनही नसता, याचे वाईट वाटते,’ असे एकदा शांतपणे, सकाळी नव्हे तर संध्याकाळी, सांगून पाहावे. मित्रमंडळींनी आणि धावण्याच्या गटांनीही एक करावे. जास्त पळणाऱ्याचे जसे कौतुक करता, तसे दुखापतीत थांबणाऱ्याचेही करा. थांबायला पळण्यापेक्षा जास्त हिंमत लागते.

याने भागले नाही, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत घ्यावी. त्यात लाज कसली? विचारांची दिशा बदलणारी उपचारपद्धती अशा सवयींवर वापरतात. तज्ज्ञ जवळ नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

त्या किराणा दुकानदार गृहस्थांनी काय केले, ते विचाराल. उधारीचा विषय त्यांनी घरी सांगितला. बायको आणि मुलगी दोघीही हिशेबाला बसल्या. वसुली सुरू झाली. हाडाचा तडा भरून यायला आठ आठवडे लागले. आता ते आठवड्यातून चार दिवस पळतात, एक दिवस घरच्यांबरोबर नुसते चालतात. गुरुवारी मात्र अजूनही पाय शिवशिवतात, असे सांगतात. व्यसन पुरते गेले असे मी म्हणणार नाही. पण दुकान वेळेवर उघडते आणि बूट दारातच असतात.

अर्ध्या शक्तीचा नियम

हे सगळे ज्ञान आजचे आहे, असे समजू नका. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दिनचर्या सांगताना व्यायामाचे गुण वर्णन केले आहेत आणि लगेच मर्यादाही घातली आहे. बलवान आणि सकस खाणाऱ्या माणसानेही, तेही थंडीत आणि वसंतात, आपल्या शक्तीच्या निम्माच व्यायाम करावा; इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिव्यायामाने तहान, क्षीणता, धाप, खोकला, ताप असे विकार होतात, हेही तो सांगतो. आपल्याहून मोठ्या हत्तीला ओढत नेणारा सिंह जसा शेवटी स्वतःच मरतो, तसे अति करणाऱ्याचे होते, असा त्याचा दृष्टांत आहे. सिंह बलवान नसतो असे नाही. त्याला हत्ती सोडून देता येत नाही, एवढेच.

आपल्या वारीकडेच पाहा ना. देहू-आळंदीहून निघालेला वारकरी पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो. त्यात सत्तरीचे आजोबा असतात, नऊवारीतल्या आजी असतात. पण दुपारी विसावा ठरलेला, रात्री मुक्काम ठरलेला. पुण्यात पालखी दोन रात्री थांबते. विसावा घेतला म्हणून वारी मोडली, असे कोणी म्हणत नाही. विसाव्यामुळेच ती एवढी माणसे पंढरीला पोहोचतात. आपल्या मावळातला शेतकरीही पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही.

तेव्हा पळा, चढा, सायकल चालवा. तिकोणा कोठे पळून जात नाही. या आठवड्यात एक दिवस ठरवून घरी थांबा आणि त्या दिवशी मनात काय काय येते, ते तेवढे पाहा. काही आले नाही, तर तुमचा व्यायाम उत्तम चालला आहे. फार काही आले, तर ते कोणाजवळ तरी बोला.